उजेड स्वस्त झाला, मैदान मात्र अंधारात

मनमाडमध्ये दिवसा खेळणाऱ्या पोरांपेक्षा रात्री खेळणारी पोरं जास्त भेटतील. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला याचं नवल वाटतं. रात्री साडेदहा-अकराला ही मुलं बॅट घेऊन कुठे निघाली, असं तो विचारतो. त्याच्या डोक्यात उनाडपणाचा विचार आलेला असतो. पण आमच्या गावाचं घड्याळच वेगळं आहे.

हे जंक्शन आहे. मुंबईकडून, भुसावळकडून, दौंडकडून आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणारे रूळ इथे एकत्र येतात. स्टेशन रात्रभर जागं असतं आणि स्टेशनवर पोट असलेली माणसंही. रेल्वेचा पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना 1906 पासून इथे आहे. अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत, पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यांच्यामागे टँकर, टँकरांमागे गॅरेज, टायरवाले, वेल्डर, ढाबे. या सगळ्या ठिकाणी जो विशी-बाविशीचा मुलगा काम करतो, त्याचा दिवस त्याचा नसतो. तो शेठचा असतो, मिस्त्रीचा असतो, मुकादमाचा असतो. संध्याकाळी सात-आठला हातावरचं ग्रीस धुतलं की मग जो वेळ उरतो, तेवढाच त्याचा. आणि तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

म्हणून मी मैदानावरच्या दिव्यांकडे खेळाचं साहित्य म्हणून बघत नाही. बॅट, बॉल, स्टंप हे साहित्य. दिवा म्हणजे वेळ. ज्याला दिवसा सुट्टी असते त्याला दिवा नसला तरी चालतं. ज्याला नसते, त्याच्यासाठी दिवा नाही म्हणजे खेळच नाही.

आमच्या आधीच्या पिढीची माणसं गॅसबत्तीच्या उजेडात कबड्डी खेळल्याचं सांगतात. बत्तीला हवा मारायला एक पोरगा बसवलेला असायचा, त्याला खेळायला मिळायचं नाही. आम्ही मोठे झालो ते हॅलोजनच्या काळात. वर्षातून एक-दोनदा टेनिस बॉलची नाईट टूर्नामेंट व्हायची. बांबू रोवायचे, बांबूला हजार वॉटचे हॅलोजन बांधायचे, आणि वीज? कधी जनरेटर, कधी आयोजकांपैकी कुणाच्या घरातून ओढलेली वायर, आणि कधी सरळ खांबावर आकडा. आकडा टाकणारा एक तरबेज इसम प्रत्येक मोहल्ल्यात असतो. ओल्या गवतावरून गेलेली, मध्येमध्ये चिकटपट्टी गुंडाळलेली ती वायर आज आठवली तरी अंगावर काटा येतो. टूर्नामेंट संपली की बांबू निघायचे, हॅलोजन मंडपवाल्याकडे परत जायचे आणि मैदान पुढचे अकरा महिने पुन्हा काळोखात.

मोठ्या मैदानांची गोष्टही फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरने 1977 साली स्वतःचं क्रिकेट उभं केलं आणि प्रकाशझोतात सामने भरवले. कामावरून सुटलेला माणूस संध्याकाळी मैदानात येईल आणि घरी बसलेला टीव्ही लावेल, हा त्यामागचा साधा हिशोब होता. तो बरोबर निघाला. 1979 मध्ये सिडनीला पहिला अधिकृत दिवस-रात्र एकदिवसीय सामना झाला. आपल्याकडे 28 सप्टेंबर 1984 ला दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. मुंबईच्या वानखेडेवर दिवे लागायला 1996 चा विश्वचषक यावा लागला. 27 फेब्रुवारीचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना. मार्क वॉने शतक ठोकलं, सचिन 90 वर यष्टिचीत झाला, आपण 16 धावांनी हरलो. तो सामना माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवतो, पण त्या दिव्यांबद्दल कुणी बोलत नाही. पुढे त्याच मैदानावर 2011 चा विश्वचषक आपण रात्री जिंकला.

त्या काळातले स्टेडियमचे दिवे मेटल हॅलाइडचे असत. काचेच्या छोट्या नळीत वायू आणि क्षार भरलेले, त्यातून विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची. उजेड जबरदस्त, पण स्वभाव हट्टी. लावल्यावर पूर्ण प्रकाश यायला काही मिनिटं लागतात. आणि वीज क्षणभर जरी गेली, तर तापलेली नळी थंड झाल्याशिवाय दिवा पुन्हा पेटतच नाही. दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं काढलेल्या माणसाला या दिव्याचा राग यावा यात नवल नाही. वीज दोन सेकंदांसाठी जायची आणि मॅचची लय पंधरा मिनिटांसाठी तुटायची.

2023 च्या विश्वचषकाआधी वानखेडेवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवले गेले. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरही त्याच सुमारास बदल झाला. कारणं तीन. एक, वीज कमी लागते. दोन, बटण दाबलं की त्याच क्षणी पूर्ण उजेड. तिसरं कारण प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही: चांगल्या एलईडीचा प्रकाश लुकलुकत नाही. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे जुना दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण धावबाद आहे की नाही हे अतिमंद गतीत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. चित्र फडफडतं. म्हणजे स्टेडियमचे दिवे जितके खेळाडूसाठी बदलले, तितकेच टीव्हीसाठीही बदलले.

त्याचा एक उलटा परिणामही त्याच विश्वचषकात दिसला. दिवे क्षणात बंद-चालू करता येतात म्हटल्यावर सामन्याच्या मध्येच प्रकाशाचे खेळ सुरू झाले. 25 ऑक्टोबरला दिल्लीत ग्लेन मॅक्सवेलने 40 चेंडूंत शतक मारलं आणि नंतर पत्रकारांसमोर या लाईट शोवर कडक टीका केली. अंधार-उजेड-अंधार झाल्यावर डोळे पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो, प्रेक्षकांना मजा वाटली तरी खेळाडूला त्रास होतो, हा त्याचा मुद्दा. त्याचाच सहकारी डेव्हिड वॉर्नर याच्याशी सहमत नव्हता, त्याला तो शो आवडला. दोन आठवड्यांनी वानखेडेच्या नव्या दिव्यांखाली याच मॅक्सवेलने एका पायावर उभं राहून अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद 201 केल्या. मला यातून एवढंच घ्यायचं आहे, की दिवा कितीही भारी असो, तो कुणासाठी लावलाय हे आधी ठरवावं लागतं.

आता वानखेडेवरून आपल्या मैदानावर येऊ. टीव्हीचे कॅमेरे इथे येणार नाहीत. आपल्याला हवाय तो पोराला बॉल दिसेल एवढा उजेड.

हिशोब करून बघा. आठ हॅलोजन, प्रत्येकी 1000 वॉट. चार तास लावले तर 32 युनिट. हॅलोजन एका वॉटमागे 20 च्या आसपास ल्युमेन देतो, बाकीची वीज उष्णतेत जाते. म्हणून तर त्याच्याखाली उभं राहिलं की डोकं भाजतं. बरा एलईडी फ्लडलाईट एका वॉटमागे 100 च्या वर ल्युमेन देतो. म्हणजे 200 वॉटचे आठ दिवे लावले तर उजेड तितकाच, किंवा थोडा जास्तच, आणि चार तासांची वीज 6.4 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तर हॅलोजनचे रात्रीला 384 रुपये आणि एलईडीचे 77. दोन टीम, दोन अंपायर, म्हणजे 24 जण. माणशी सव्वातीन रुपये. स्टेशनसमोर कटिंग चहा यापेक्षा महाग आहे.

हा फरक एका दिवसात पडलेला नाही. निळा प्रकाश देणारा एलईडी जपानमध्ये तयार झाला तेव्हा पांढऱ्या एलईडीचा रस्ता मोकळा झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी 2015 मध्ये आपल्याकडे उजाला आणि रस्त्यांवरच्या दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. सरकार ज्या बल्बला 2014 साली 310 रुपये मोजत होतं, तो दोन-अडीच वर्षांत 40 च्या आत आला. घराघरांत, गल्लोगल्ली पांढरा उजेड पोचला. उजेड इतका स्वस्त माणसाच्या इतिहासात कधी नव्हता.

मग मैदान अंधारात का?

कारण हा स्वस्त उजेड आधी पोचला तो टर्फवर. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात हिरव्या प्लास्टिक गवताचे, जाळीने बंद केलेले टर्फ उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. कुणीतरी पैसा घातलाय, धंदा करतोय, पोरं खेळतायत. पण तिथे उजेड तासावर विकला जातो. तासाचे 600 रुपये धरले आणि बारा मुलं जमली, तर माणशी 50. दोन तास खेळले तर 100. गॅरेजमधल्या पोराने आठवड्यातून तीनदा खेळायचं म्हटलं तर महिन्याचे बाराशे रुपये. तो खेळत नाही. तो टर्फच्या जाळीला टेकून आतल्यांचा खेळ बघतो. जाळीच्या आत आणि बाहेर, दोघांचं वय एकच. एकाच दिव्याचा उजेड दोघांच्या तोंडावर पडतो, पण एकाला त्यात बॉल दिसतो आणि दुसऱ्याला मोबाईलचा स्क्रीन.

रमज़ानमध्ये हा प्रश्न आणखी उघडा पडतो. दिवसभर रोज़ा, संध्याकाळी इफ्तार, मग इशा आणि तरावीह. तरावीह सुटते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. अंगात पाणी गेलेलं असतं, झोप उडालेली असते, सहरीला अवकाश असतो. मोहल्ल्यातली तरुण पोरं अशा वेळी खेळतातच. मालेगाव असो, मुंब्रा असो, मनमाड असो. 2018 ला रमज़ान मे महिन्याच्या मध्याला सुरू झाला होता, 2025 ला मार्चच्या सुरुवातीला. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत तो आता हिवाळ्यात शिरतोय. 2030 साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा वर्षात दोनदा येईल. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो. म्हणजे येती काही वर्षं दिव्याची गरज वाढणारच आहे.

यावर आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांशी माझी नेहमी चर्चा होते. आम्ही त्यांना हाजीचाचा म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की रमज़ानच्या रात्री इबादतीसाठी आहेत, क्रिकेटसाठी नाहीत, आणि मैदानावर दिवे लावणं म्हणजे पोरांना मशिदीतून बाहेर बोलावणं. वर इस्राफ, म्हणजे उधळपट्टी. मी त्यांचा मुद्दा उडवून लावत नाही. उधळपट्टीला आपल्या दीनमध्ये जागा नाही. वुज़ू करतानाही पाणी वाया घालवू नये हे आपल्याला लहानपणी शिकवतात, आणि मनमाडसारख्या, नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी बघितलेल्या गावात तर ते कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

पण मी त्यांना विचारलं, "चाचा, मैदानात दिवा नसला तर ही पोरं मुसल्यावर बसतील की नाक्यावर?"

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाके पे ही बैठेंगे."

नाक्यावर काय होतं ते त्यांनाही माहीत आहे, मलाही. मोटारसायकली काढून हायवेला रेस लावणारी पोरं त्यांनी पाहिली आहेत, गुटख्यापासून सुरू होऊन गोळ्यांपर्यंत गेलेली पोरं पाहिली आहेत. चाचांनी मग आपली अट घातली: "आकडा नको. चोरीच्या विजेवर माझा नातू खेळणार नाही." ही अट मला शंभर टक्के मान्य आहे. अट फक्त धर्माची नाही, ती जिवाचीही आहे. महावितरणकडून रीतसर जोडणी, मीटर, अर्थिंग आणि जमिनीतून गेलेली केबल, एवढं असेल तरच दिवे. 77 रुपयांच्या विजेसाठी कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालायचं कारण उरलेलं नाही.

दुसरी बाजू घरातून आली. माझ्या भाचीने विचारलं, "मामू, हे दिवे फक्त मुलांसाठीच का?" मनमाडच्या मुली वेटलिफ्टिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर पदकं आणतात. त्यांची व्यायामशाळा चार भिंतींच्या आत आहे, तिथे संध्याकाळी दिवा लागतो, म्हणून सराव होतो. मैदानी खेळाचं तसं नाही. सूर्य मावळला की मैदान मुलींसाठी बंद. कुणी पाटी लावलेली नसते, पण बंद असतं. साखर वाढल्याने डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या आपल्या घरातल्या बायकाही स्वयंपाक आटोपून रात्री नऊला मोकळ्या होतात. त्या कुठे चालणार? मैदानाच्या कडेने उजेड असेल तर त्या चालतील. मात्र त्यासाठी पिचवर दिवे मारून भागत नाही. मैदानाच्या फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंतची वाट उजळायला हवी. पिच लखलखीत आणि वाट काळोखी असली, की मैदान पुन्हा पोरांचंच.

आता दिवे लावायचेच, तर नीट लावावेत. आपल्याकडे उत्साह फार आणि कोन चुकलेला. मी पाहिलेल्या बहुतेक नाईट मॅचमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बॉल लाईटमध्ये गेला." कॅच उंच उडतो, फिल्डर वर बघतो आणि त्याला फक्त पांढरा झोत दिसतो. कारण दिवा बारा-पंधरा फुटांच्या बांबूवर असतो आणि लांबपर्यंत उजेड जावा म्हणून तो जवळजवळ आडवा केलेला असतो. असा दिवा जमिनीपेक्षा डोळ्यात जास्त जातो. अर्धा उजेड मैदान ओलांडून समोरच्या घराच्या खिडकीत शिरतो, जिथे कुणी आजारी असतं, कुणाची दहावी असते. उपाय महाग नाही. खांब उंच घ्या आणि दिव्याचं तोंड खाली झुकवा. दोन खांबांऐवजी चार कोपऱ्यांत चार घ्या, म्हणजे सावल्या एकमेकींना खातात. बॉलरच्या मागे, बॅट्समनच्या नजरेच्या रेषेत दिवा नको.

घेताना खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. ल्युमेन किती आणि वॉरंटी किती वर्षांची, हे दोन प्रश्न विचारा. एलईडीचा मणी सहसा जात नाही, जातो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विजेचा दाब सांभाळणारा भाग. आपल्याकडे दाब वरखाली होतो, वळवाच्या पावसात विजा पडतात. दाब एकदम वाढला तर सांभाळणारं यंत्र बसवलं नाही, तर 50,000 तास चालणारा दिवा पहिल्याच पावसाळ्यात डोळे मिटतो. स्वस्त ड्रायव्हर असेल तर प्रकाश लुकलुकतो. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून बघा, लगेच कळेल. दुकानातच काढून बघा.

आणि टायमर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानेच बंद आहे, कॉमेंट्रीला तिथे सुट्टी. दिव्याचीही वेळ ठरवा, रमज़ानची वेगळी, एरवीची वेगळी, आणि ती वेळ मैदानाशेजारी राहणाऱ्यांना विचारून ठरवा. मैदानाची किल्ली आणि वीजबिलाची वही एकाच माणसाकडे ठेवू नका. आपल्याकडे चांगली कामं बंद पडतात ती पैसे संपले म्हणून कमी, हिशोब कळला नाही म्हणून जास्त.

पैशांचं म्हणाल तर ते आपल्याकडे आहेत, फक्त दुसरीकडे जातात. एका नाईट टूर्नामेंटचा खर्च लिहून काढा: जनरेटरचं भाडं, डिझेल, हॅलोजनचं भाडं, माणसापेक्षा उंच ट्रॉफी, आणि प्रत्येक चौकात प्रायोजकांच्या फोटोंचे बॅनर. बॅनर आठवड्यात फाटतो. ट्रॉफी कुणाच्या तरी घरी कपाटावर धूळ खाते. या यादीतली फक्त पहिली तीन कलमं दोन वर्षं वाचली, तरी कायमच्या दिव्यांचा मोठा भाग निघतो. ट्रॉफी छोटी करा. बॅनर एकच लावा, आणि त्यावर लिहा की यंदाचं पहिलं बक्षीस मैदानाला दिलंय.

यंदाच्या टूर्नामेंटच्या वर्गणीची पहिली बैठक लवकरच आहे. मी हा कागद, वरचा हिशोब मांडलेला, तिथे घेऊन जाणार आहे. हाजीचाचांनी यायचं कबूल केलंय. भाचीलाही बोलावलंय, फाटकापासूनच्या वाटेचा मुद्दा तिचा आहे, तो तिनेच मांडावा. तुमच्या गावात अशी बैठक होणार असेल तर तुम्हीही जा, आणि ट्रॉफी किती फुटांची हे ठरायच्या आधी खांब किती फुटांचा ते विचारा.